शिक्षकांनी उन्हाळी सुट्टी कशी वाटून घ्यावी?

प्रश्न जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतल्या एका शिक्षिकेचा आहे. २ मेला सुट्टी लागते. रोज थोडं थोडं शाळेचं काम उरकायचं असं त्या ठरवतात. पण जून उजाडतो तेव्हा कामही झालेलं नसतं आणि अंगातला शीणही तसाच असतो. सुट्टीत काम आणि आराम यांचा मेळ कसा घालावा, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, घोळ त्या ‘रोज थोडं थोडं’मध्येच आहे. तासाभराचं काम दिवसभर डोक्यावर बसतं. सकाळी पाहुणे आले म्हणून ते दुपारवर जातं, दुपारी ऊन म्हणून संध्याकाळवर, आणि रात्री ‘उद्या नक्की’ म्हणत माणूस झोपतो. वही उघडलेलीच नसते, पण दिवस मात्र कामाच्या दडपणात गेलेला असतो. असे चाळीस दिवस गेल्यावर शीण जाणार कसा? म्हणून एकाच दिवसात काम आणि विश्रांती कालवू नका. कामाचे दिवस वेगळे ठेवा, विश्रांतीचे वेगळे, आणि विश्रांती आधी घ्या.

आधी दिवस मोजा. राज्याच्या बहुतेक भागात शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात. विदर्भात उन्हामुळे साधारण आठवडाभर उशीर होतो; २०२५ मध्ये या तारखा १६ जून आणि २३ जून होत्या. २ मे ते १५ जून धरले तर ४५ दिवस होतात. ऐकायला भरपूर वाटतात. त्यातून दहा दिवसांचं प्रशिक्षण, घरातली दोन लग्नं, प्रवास आणि निकालानंतरची कागदपत्रं वजा केली की हातात पंचवीसच उरतात. हा हिशेब २ मेलाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने मांडावा. तो न मांडल्यामुळेच मे महिना अथांग वाटतो आणि मग हातातून निसटतो.

माझ्या मते ४५ दिवसांची वाटणी अशी असावी: पहिले ४ दिवस मागचं वर्ष मिटवायला, पुढचे १८ पूर्ण विश्रांतीला, त्यानंतरचे ११ घरकाम, प्रशिक्षण, प्रवास अशा इकडच्या-तिकडच्या गोष्टींना आणि शेवटचे १२ तयारीला. तारखांत सांगायचं तर ५ मेपर्यंत कागदपत्रं, २३ मेपर्यंत आराम, ३ जूनपर्यंत मोकळीढाकळी सोय आणि ४ जूनपासून शाळा. प्रशिक्षण मेच्या मध्यात आलं तर तुकडे मागेपुढे करा, पण विश्रांतीचे किमान १५ दिवस सलग राहायला हवेत. आज दोन दिवस, मग चार दिवसांनी तीन, असे सुटे दिवस मिळून तेवढी भरपाई होत नाही. शाळा डोक्यातून उतरायलाच पहिले पाच-सहा दिवस जातात.

पहिल्या चार दिवसांत नव्या वर्षाचं काहीही करू नका. फक्त जुनं बंद करा. निकालपत्रकाची दुसरी प्रत, वर्णनात्मक नोंदी, पोषण आहाराच्या साठा नोंदवहीतला तांदूळ आणि प्रत्यक्ष पिंपातला तांदूळ यांचा मेळ, यू-डायस प्लस हे शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल सुरू असेल तर त्यावरची मुलांची वर्गोन्नती, एवढं संपवा. उरलेलं धान्य जमिनीवर पोत्यात सोडू नका. घट्ट झाकणाच्या पिंपात भरा आणि पिंप विटांवर ठेवा, नाहीतर दीड महिन्यात उंदीर आणि टोके त्याचा फडशा पाडतात. शेवटच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांचे मसुदे याच चार दिवसांत तयार करा. जनरल रजिस्टरातलं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहा. जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात पालकांची रांग लागलेली असताना हे ताडणं होत नाही. मग ‘पाटील’चं ‘पाटिल’ होतं आणि ते दुरुस्त करायला मुलाला पुढे कित्येक हेलपाटे पडतात.

याच चार दिवसांत करायचं आणखी एक काम बहुतेक जण सोडून देतात. एक कागद घ्या आणि यंदा मुलांना न कळलेले, किंवा तुम्हाला स्वतःला नीट शिकवता न आलेले, पाच घटक लिहा. प्रत्येकापुढे एकच ओळ: कुठे अडलं. उदाहरणार्थ, ‘हातच्याची वजाबाकी: दशकात शून्य असलं की मुलं वरून खाली न वजा करता मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात.’ मग वाचनात मागे राहिलेल्या मुलांची नावं आणि प्रत्येक जण कुठे अडखळतो ते लिहा. वर्ग पुढे दुसऱ्या शिक्षकाकडे जाणार असेल तर हेच पान त्यांच्या हातात द्या. मेच्या सुरुवातीला याला चाळीस मिनिटं लागतात. जूनमध्ये चार तास बसलात तरी ते नीट लिहून होत नाही, कारण तोवर आठवण पुसट झालेली असते. हा कागद नियोजनाच्या वहीत घडी घालून ठेवा आणि ४ जूनपर्यंत वही उघडू नका.

आता विश्रांती. शिक्षकाचं शरीर तीन जागी दमतं: घसा, पाय आणि झोप.

वर्षभर पाच-सहा तास मोठ्याने बोलून घसा थकलेला असतो. पहिला आठवडा मुद्दाम कमी बोला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाका मारू नका, उठून जा. घशाला आराम म्हणून कुजबुजत बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की कुजबुजताना स्वरयंत्रावर ताण वाढतो. हळू, पण आपल्या साध्या आवाजात बोलावं. सारखं खाकरून घसा साफ करण्याची सवयही घातक आहे, त्यापेक्षा घोटभर पाणी प्या. इतका आराम देऊनही आवाज तीन आठवड्यांच्या पुढे घोगराच राहिला तर हळद-गुळण्यांवर वेळ न दवडता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील तर त्या लवकर कळलेल्या बऱ्या.

सतत उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या असतील, संध्याकाळी घोट्याशी सूज येत असेल, तर तेही याच काळात दाखवून घ्या. रोज पंधरा मिनिटं पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून पडा. दातांचं काम असेल तर दवाखान्यात पहिल्या आठवड्यातच नंबर लावा. रूट कॅनॉलला दोन-तीन खेपा लागतात, त्यात कॅपची वेगळी. १० जूनला सुरुवात केली तर अर्धं काम शाळेच्या दिवसांत येतं. साखरेची तपासणी करणार असाल तर उपाशीपोटीच्या साखरेसोबत एचबीए१सीही करा. त्यात साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दिसते, म्हणजे परीक्षेच्या धावपळीत काय चाललं होतं ते कळतं. चाळिशी ओलांडलेल्यांनी चष्म्याचा नंबरही आत्ताच तपासावा.

झोपेचं म्हणाल तर पहिले चार-पाच दिवस नऊ-दहा तास झोप लागली तरी लागू द्या. ती वर्षाची उधारी आहे. त्यानंतर मात्र उठण्याची वेळ एक ठेवा. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि सकाळी नऊला उठणं असं महिनाभर चाललं की जूनचा पहिला आठवडा डोकेदुखीत जातो. पहिल्या तीन दिवसांत लांबचा प्रवासही ठेवू नका. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी रात्रीची बस पकडणारे पोहोचल्यावर हमखास आजारी पडतात.

घरकामावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण शिक्षिकांची सुट्टी सर्वांत जास्त तिथे जाते. ‘तुला काय, सुट्टीच आहे ना!’ हे वाक्य घरात एकदा रुळलं की वर्षभराची तुंबलेली सगळी कामं मेमध्ये येऊन पडतात. माळे झाडणं, गाद्या ऊन देऊन परत भरणं, वर्षाचं तिखट-मसाला, लोणचं, वाळवणं, शिवाय नणंदेची मुलं. एकट्या कुरडयांचंच बघा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे उठून वरचं पाणी काढून चीक शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत साच्यातून घालायच्या. एका पदार्थात पाच दिवस गुंतले. त्यात पापड, सांडगे, बटाट्याचा कीस धरला की विश्रांतीचा अख्खा तुकडा गच्चीवरच वाळतो.

वाळवणं सोडा, असं मी म्हणत नाही. अनेकींना त्यात खरा आनंद असतो. पण ती २४ मे ते ३ जूनच्या तुकड्यात ढकला आणि त्याआधीच्या १८ दिवसांत दारात येऊ देऊ नका. मान्सूनपूर्व सरी लवकर येणाऱ्या कोकणात हे जमणार नाही. तिथे पहिले चार दिवस संपल्या संपल्या वाळवणं उरका आणि विश्रांती पुढे घ्या. दोनच पदार्थ घरी करा, बाकी गावातल्या बचत गटाकडून घ्या. ज्या दिवशी शेजारणी मिळून करणार असतील त्याच दिवशी आपलंही करा. आणि सासूबाईंशी, नवऱ्याशी हे बोलणं २ मेच्या आत व्हायला हवं. ‘मी दमले आहे’ हे घरात पटकन पोहोचत नाही. ‘सहा तारखेपासून तेवीसपर्यंत सकाळचा स्वयंपाक मी करते, संध्याकाळचा तुम्ही बघा, आणि या दिवसांत मोठं काम काढायचं नाही’ असं तारखांसकट सांगितलेलं पोहोचतं. पुरुष शिक्षकांनी हेच उलट्या बाजूने वाचावं. आपल्या घरची बाई शिक्षिका असो वा नसो, तिच्या वाट्याला मेमध्ये सुट्टी किती येते ते एकदा मोजून पाहावं.

दुसरी मोठी गळती व्हॉट्सॲपमधून होते. शाळेचा गट, केंद्राचा गट, तालुक्याचा गट, शिवाय संघटनेचा. आणि मेच्या भर दुपारी ‘सदर माहिती आज ४ वाजेपर्यंत लिंकवर भरावी’. फोन बंद ठेवणं शक्य नाही, कारण एखादा आदेश खरोखर तातडीचा असतो. म्हणून पाळी लावा. तुमच्या शाळेत दोघेच आहात, तर एक आठवडा तुमचा आणि एक सरांचा. ज्याची पाळी, त्याने गट सकाळी ११ आणि संध्याकाळी ६ असे दोनदा पाहायचे आणि खरंच गरज असेल तरच दुसऱ्याला फोन करायचा, मेसेज नाही. बाकी सगळे गट निःशब्द. त्यासाठी पट, आधार जोडणी, वर्गखोल्या, शौचालयं, वीजजोडणी, यू-डायस क्रमांक अशी वरचेवर मागितली जाणारी माहिती एका पानावर लिहून दोघांच्या फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. लिंकवर येणारे बहुतेक प्रश्न याच पानातून सुटतात आणि कपाटाच्या किल्लीसाठी धावाधाव होत नाही.

सुट्टीत काम लागलं तर तोंडी निरोपावर जाऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना शिक्षक लावता येतात. म्हणजे जनगणनेचं काम टाळता येत नाही, ते धरूनच वाटणी करायची. सुट्टीतल्या अशा कामाचा लेखी आदेश घ्या, काम संपल्यावर उपस्थिती प्रमाणपत्र घ्या आणि दोन्हींच्या प्रती काढा. सुट्टी उपभोगता आली नाही तर त्या प्रमाणात अर्जित रजा जमा होण्याची तरतूद आहे, पण सेवापुस्तकात नोंद झाली तरच तिचा उपयोग. अर्ज जूनमध्येच द्या. दोन वर्षांनी प्रमाणपत्र शोधत बसणारे पुष्कळ दिसतात. १२ किंवा २४ वर्षांची सेवा होऊन वरिष्ठ किंवा निवड श्रेणीचं प्रशिक्षण करायचं असेल, तर त्या दिवसांसोबत शेवटचे स्वाध्याय उरकायला आणि दम खायला आणखी दोन दिवस मोजा. प्रशिक्षण बसून असलं तरी त्याला विश्रांतीत धरू नका.

आता तयारीचे १२ दिवस. यातले दोन रविवार सोडले तर दहा राहतात. रोज तीन तास, सकाळी साडेसहा ते साडेनऊ. विदर्भ-मराठवाड्यात त्यानंतर पंख्याखालीही डोकं चालत नाही. म्हणजे एकूण ३० तास, आणि ते पुरतात, फक्त काय करायचं नाही हे ठरलेलं हवं. संपूर्ण वर्षाचं घटक नियोजन तपशिलात लिहू नका. बदल्या, समायोजन, वर्गवाटप यांत जूनअखेरीपर्यंत काहीही हलू शकतं. वार्षिक नियोजन एका पानावर, महिनावार. तपशील फक्त जुलैअखेरपर्यंतच्या सहा आठवड्यांचा. वर्ग पक्का नसेल तर कोणत्याही वर्गाला चालेल असंच साहित्य करा.

ढोबळ वाटप सांगतो. मेमधला तो कागद वाचून पाठ्यपुस्तक चाळायला ६ तास. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, छापील पुस्तकाची वाट पाहू नका. नवं पुस्तक असेल तर ८ तास धरा आणि पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका, नुसतं मुलासारखं वाचा. अडखळण्याच्या जागा दुसऱ्या वाचनात आपोआप दिसतात. सहा आठवड्यांच्या नियोजनाला ८ तास. मुलं मेमध्ये काय विसरली ते तपासायच्या तोंडी आणि लेखी प्रश्नांना ३ तास. उरलेले साहित्याला.

साहित्य थोडं करा, पण टिकणारं करा. पुठ्ठ्यावर रंगीत कागद चिकटवलेले सुंदर तक्ते ऑगस्टच्या दमट हवेत पोपडे धरतात. पहिली-दुसरीला सर्वांत जास्त वापरात येते ती शंभर मण्यांची गणितमाळ, तीच घ्या. दोन रंगांचे पन्नास-पन्नास मणी, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या, असे आलटून पालटून ओवायचे. सुती दोरा घेऊ नका, तो घामट हातांनी पिळवटतो आणि तुटतो; पातळ नायलॉनची दोरी घ्या आणि टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करा. सगळ्यात जास्त चुकते ती गाठ. मणी घट्ट बसवून गाठ मारली तर ते सरकत नाहीत, आणि मणी सरकवून मोजता येत नसतील तर माळ निरुपयोगी. शेवटच्या मण्यापुढे चांगली वीतभर दोरी मोकळी सोडून गाठ मारा. भिंतीवर लावायची माळ मुलांच्या छातीच्या उंचीला हवी, फळ्याच्या वर नाही. एका माळेला साधारण पाऊण तास लागतो. तीन माळा झाल्या की त्या वर्षाचं गणिताचं साहित्य जवळपास झालं.

याच बारा दिवसांत झोपही शाळेच्या वेळेवर आणा. दर दोन दिवसांनी उठण्याची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे ओढली की दहा दिवसांत सव्वा तास अलीकडे येते, तेही गजराशी भांडण न करता.

तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित शाळेत काम करणाऱ्यांना ही १८ दिवसांची चैन वाटेल. सुट्टीत त्यांच्या हातात पगार नसतो, म्हणून मेमध्ये शिकवण्या किंवा उन्हाळी वर्ग घ्यावे लागतात. त्यांनी निदान सलग दहा दिवस तरी सोडवावेत, आणि ते शिकवण्या ठरवतानाच पालकांना सांगावेत. दोन तुकड्या लागोपाठ सकाळीच घ्या. सकाळी एक आणि संध्याकाळी एक घेतली की मधला दिवस कुणाचाच राहत नाही.

शाळा उघडायच्या आधीचे दोन दिवस प्रत्यक्ष शाळेत जावंच लागतं, ते या बारा दिवसांतच धरा. एकटे जाऊ नका, शाळा व्यवस्थापन समितीतल्या कुणाला तरी बरोबर घ्या. खोल्या दीड महिना बंद असतात. कुलूप काढल्यावर दारं-खिडक्या सताड उघडून काही वेळ बाहेर थांबा, मग कपाटांमागे, जळणाच्या ढिगात काठीने आवाज करा. विंचू-साप अशाच जागी बसतात. व्हरांड्याच्या कोपऱ्यात मधमाश्यांचं पोळं असेल तर धूर करायच्या भानगडीत न पडता माहितगार माणूस बोलवा. कौलं किंवा पत्रे तपासताना आत उभं राहून छताकडे बघा, जिथून उजेड दिसेल तिथे पावसात गळणार. पाण्याची टाकी रिकामी करून घासून घ्या. भरल्यावर ब्लिचिंग पावडरीत ३३ टक्के क्लोरीन धरून १,००० लिटरला ५ ग्रॅम पावडर पुरते. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं पाणी टाकीत ओता आणि अर्धा तास तोट्या उघडू नका. एप्रिलमध्ये फोडलेल्या पुड्यातली पावडर मात्र वापरू नका. उघड्यावर आणि उष्णतेत तिच्यातला क्लोरीन उडून जातो, पाण्याला जेमतेम वास येतो आणि टाकी शुद्ध झाल्यासारखी वाटते. नवा पुडा आरोग्य उपकेंद्रातून किंवा ग्रामपंचायतीतून १० जूनच्या आत मागून ठेवा. पहिल्या पावसानंतर गावोगावी एकदमच मागणी येते आणि मग तो मिळायला आठवडा जातो.